माझं वजन चोपन्न

काट्यावर मी उघडी उभी होते. बनियन काढून झालं, चड्डी काढून झाली, कानातल्या बाळ्या काढून झाल्या. तरी काटा अठ्ठेचाळीस किलोच्या वर दीडशे ग्रॅम दाखवत होता.

अलिबागमधल्या एका शाळेचा हॉल. मुलींच्या बॉक्सिंगची जिल्हा निवड स्पर्धा, पहिल्या दिवसाची सकाळ. कोपऱ्यात दोन कपाटांना चादर बांधून आडोसा केलेला. आत मी, वजन घेणाऱ्या बाई आणि मॅडम. चादरीच्या पलीकडे आमचे सर. बाईंनी माझ्यापुढे टॉवेल धरला होता आणि स्वतःची मान भिंतीकडे वळवली होती. मॅडमनी मान वळवली नव्हती. बाजारात पापलेट बघतात तसं त्या मला वरून खाली बघत होत्या.

मॅडम म्हणजे रियाची आई. आमच्या बॉक्सिंग क्लबचा सगळा खर्च त्यांचा, म्हणून स्पर्धेत मुलींच्या मॅनेजरही त्याच. रियाचं वजन आधीच होऊन गेलं होतं, चोपन्न किलोच्या गटात. ती आडोशाच्या तोंडाशी खुर्चीवर बसून केळं खात होती.

"काटा बंद व्हायला अजून वेळ आहे," बाई भिंतीकडे बघतच म्हणाल्या. "थोडं पळू दे तिला. थुंकू दे."

थुंकू काय? आदल्या दिवसापासून मी थुंकतच होते. तोंडात चिंच धरायची, लाळ सुटली की कपात थुंकायची. आता चिंचेनेही लाळ सुटत नव्हती. जीभ टाळूला चिकटलेली. ओठ फाटून त्यावर रक्त वाळलेलं.

मॅडम माझ्या मागे आल्या. माझी वेणी कमरेपर्यंत होती. ती त्यांनी तळहातावर घेतली, जरा वरखाली केली.

"ही कापू या," त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, मॅडम, केस नको. आवाज नीट निघालाच नाही. त्या हसल्या. गोड हसल्या. आणि म्हणाल्या, "तुम्हा लोकांना सगळीकडे सवलत लागते. काट्यावर सवलत नसते, बाळा."

प्रथमोपचाराच्या पेटीतली कात्री. पट्ट्या कापायची. तिला धार नव्हती. एका झटक्यात वेणी तुटेना. मॅडमनी वेणी मुठीत घट्ट धरली आणि करवतीसारखी कात्री चालवली. माझं डोकं मागेपुढे हलत होतं. मी काट्याच्या लोखंडी दांड्याला धरून उभी राहिले. कापून झाल्यावर बाई म्हणाल्या, अजून थोडं जास्त आहे. मग मॅडमनी उरलेले केसही बुडापासून कापले, जिथे हाताला लागतील तिथे. कानामागे कातडी चिमटली. मी ओरडले नाही. ओरडायला थुंकी लागते.

काटा अठ्ठेचाळीसवर बसला. बाईंनी आकडा मोठ्याने सांगितला. चादरीपलीकडून सर म्हणाले, "शाब्बास मॅडम."

वेणी कचऱ्याच्या डब्यात पडली. रिया उठली आणि तिने केळ्याची साल त्याच डब्यात टाकली. तिने मुद्दाम टाकली असं मी म्हणणार नाही. तिला डब्यात काय आहे ते दिसलंच नाही. मला ते जास्त लागलं.

आता मी ह्या लोकांच्या हाती कशी लागले ते सांगते.

आमची बौद्धवाडी अलिबागपासून थोडी आत आहे. आई अंगणवाडीत मदतनीस. पप्पा मॅडमच्या बंगल्यावर माळी. बंगला समुद्राला लागून, सुरूच्या बनाच्या कडेला. आधी ती माणसं शनिवार-रविवारची यायची, मुंबईहून रो-रो बोटीतून गाडी घेऊन. लॉकडाउननंतर इथेच राहिली. रियाला परदेशातल्या कॉलेजात जायचं होतं. तिथे नुसते मार्क चालत नाहीत म्हणे, खेळात काहीतरी करून दाखवावं लागतं. रिया पोहून बघितली, टेनिस खेळून बघितली. मग बॉक्सिंग. गाडी ठेवायची शेड रिकामी करून तिथे गाद्या टाकल्या, दोर बांधले. अलिबागहून सर शिकवायला येऊ लागले. सर पूर्वी राज्यपातळीवर खेळलेले, जिल्ह्यात त्यांचा शब्द चालतो.

रियाला सरावाला माणूस हवं होतं. पिशवीवर मारून माणूस बॉक्सर होत नाही, पिशवी चुकवत नाही. सरांनी पप्पांना विचारलं, तुझी पोरगी धडधाकट आहे ना, पाठव की. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. कबड्डी खेळायचे. पप्पा घरी येऊन म्हणाले, "बाय, साहेबांच्या पोरीसंगती खेलायला बोलावलाय." आम्हाला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

पहिल्या दिवशी सरांनी मला जुने हातमोजे दिले आणि सांगितलं, "तू मारायचं नाही. तू फक्त खायचं."

मी खाल्लं. पावसाळा गेला, थंडी गेली, मी खात होते. नाकावर, बरगडीवर, कानावर. घरी गेले की आई हळद लावायची आणि विचारायची, हा कसला पोरींचा खेळ? पण मार खाता खाता माणूस शिकतो. रियाचा हात निघायच्या आधी तिचा खांदा हलतो, हे मला कुणी सांगितलं नाही. मला ते माझ्या नाकाने शिकवलं. मग मी चुकवायला लागले. आणि एक दिवस तिचा उजवा हात आला, मी खाली वाकले आणि माझा डावा आपसूक गेला. रिया गादीवर बसली. तिच्या नाकातून रक्त आलं.

मॅडम धावत आल्या. पप्पा बाहेर कुंपण छाटत होते. त्यांना आत बोलावलं. माझ्या वयाच्या पोरीपुढे माझे पप्पा हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, चुकी झाली ताई, पोरगी अडाणी हाय. रिया म्हणाली, इट्स ओके.

सर मात्र माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघत होते. दुसऱ्या दिवशी म्हणाले, तुला स्पर्धेत उतरवतो. राज्याचं पदक मिळालं तर पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागा असतात, तुझं आयुष्य होईल. मी घरी जाऊन आईला मिठी मारली. आमच्या वाडीत वर्दीतली मुलगी अजून नाही.

मग ते म्हणाले, अठ्ठेचाळीसच्या गटात.

माझं वजन चोपन्न होतं. लांब हाडं आहेत माझी, आईकडची. चरबी नव्हतीच कुठे. मी विचारलं, सर, चोपन्नातच खेळले तर? सर म्हणाले, तुला कळत नाही. खाली उतरलीस की समोरची प्रत्येक पोर तुझ्याहून बुटकी. तुझा हात लांब. पदक घरी बसून मिळेल. हे ऐकायला शहाणपणाचं वाटलं. बॉक्सर लोक वजन उतरवतात हे मी मोबाइलवर बघितलं होतं. मी हो म्हणाले.

स्पर्धेआधीच्या दोन महिन्यांत एका छपराखाली दोन शरीरं तयार होत होती. रियासाठी मुंबईहून आहाराच्या बाई यायच्या. तिने सकाळी काय खायचं, सरावाआधी काय, सरावानंतर किती वेळात काय. मीठ कधी कमी करायचं, झोप किती, कोणत्या आठवड्यात घाम गाळायचा आणि कोणत्या आठवड्यात अंग मोकळं सोडायचं. सर तिला समजावायचे, "शरीर हापूससारखं असतं. बरोबर त्या दिवशी पिकायला हवं. आधी नाही, नंतर नाही." मी बाजूला उभी राहून ऐकायचे. एकदा विचारलं, सर, माझं? सर म्हणाले, "तू फक्त उतर."

माझी भाकरी बंद झाली, भात बंद झाला. मग डाळ. उकडलेलं अंडं आणि काकडी. मग पाणी मोजून. भर उन्हात प्लॅस्टिकचा रेनकोट घालून समुद्राकाठच्या पुळणीवर पळायचं. पुळणीवर कोळणी मासळी सुकत घालायच्या. त्या मला बघून हसायच्या, मग हसायच्या थांबल्या. त्यातल्या एकीने एकदा बोलावलं, पाण्याची बाटली पुढे केली. मी नको म्हणून पुढे पळाले. मला वाटायचं, मी मोठी खेळाडू होतेय.

शेवटच्या दिवसांत गाडी. सर त्यांची गाडी बनाच्या बाहेर उन्हात उभी करायचे. मला दोन स्वेटर, वर रेनकोट. काचा बंद. आत हीटर चालू. सर बाहेर सुरूच्या सावलीत बसून शहाळं प्यायचे. मी काचेवर हात आपटला की ते एक बोट वर करायचे, म्हणजे अजून थोडं. एकदा मी आतच बेशुद्ध पडले. त्यांनी दार उघडलं, तोंडावर पाणी मारलं आणि पहिली गोष्ट म्हणाले ती ही, "गिळू नकोस."

माझी पाळी थांबली. उठलं की डोळ्यांपुढे काळं यायचं. कॉलेजात बाकावर डोकं टेकवून झोपायचे. आई म्हणायची, बास कर पोरी. मी म्हणायचे, सरांना कळतं.

आणि मग ती सकाळ. काटा. कात्री.

लोकांना वाटतं वजन भरलं की खा, प्या, आणि ताजं होऊन लढा. टीव्हीवरच्या बॉक्सरांचं तसं असतं. त्यांचं वजन आदल्या दिवशी होतं. पूर्ण दिवस हातात असतो, पाणी, मीठ, जेवण, झोप, गेलेलं सगळं भरून काढायला. आमच्या स्पर्धांत तसं नसतं. सकाळी काटा आणि त्याच दिवशी दुपारी बाउट, म्हणजे लढत. आणि जिंकलं की दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा काटा. म्हणजे सुकवलेलं अंग घेऊनच लढायचं आणि लढून झाल्यावर पुन्हा सुकायचं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. सरांना माहीत होतं. सगळं आयुष्य ते ह्याच खेळात आहेत.

दुपारी माझी बाउट पालीकडच्या एका मुलीशी. ती खरी अठ्ठेचाळीसची. बारीक, चपळ, पोनीटेल बांधलेली. बाउटच्या आधी सरांनी मला दोन घोट पाणी आणि अर्धं केळं दिलं. रिंगमध्ये चढले तर पोटऱ्यांत गोळे. पहिल्या राउंडला मला ती एक दिसली, दुसऱ्यात कधी एक, कधी दोन. हात उचलला की वाटायचं मोज्यात वाळू भरली आहे. तिचा एक ठोसा कपाळावर बसला आणि हॉलमधला आवाज बंद झाला. तोंडं हलताना दिसत होती, ऐकू काही येत नव्हतं. मी जिंकले. जिंकले कारण माझा हात लांब होता आणि ती लहान होती. ती रडत खाली उतरली. तिचं काय चुकलं होतं? ती तिच्या वजनात होती.

खाली उतरल्यावर मी बाटलीकडे हात केला. सरांनी बाटली उचलून बॅगेत टाकली. "उद्या फायनल आहे. उद्या पुन्हा काटा."

रियाही जिंकली होती. मॅडमनी बंगल्यावर मंडळी बोलावली. सरांनी मला गाडीतून तिथेच नेलं, घरी सोडलं तर ही पाणी पिईल म्हणून. आत पाहुणे. मला व्हरांड्याच्या पायरीवर बसवलं. आत कोकम सरबत चाललं होतं. ग्लासात बर्फ हलतो त्याचा आवाज मला इतका जवळ ऐकू येत होता की मी कानांवर हात ठेवले.

कानांवरचे हात काढले तेव्हा खिडकीतून मॅडमचा आवाज आला. त्या सरांना विचारत होत्या, "पुढे ही चोपन्नात तर येणार नाही ना? रियाच्या समोर?"

सर म्हणाले, "नाही हो. वाळवून ठेवलीय तिला. चोपन्नात ही असती तर रियाचं काही खरं नव्हतं."

मग दोघंही हसले. कुणीतरी आतून विचारलं, काय झालं. मॅडम म्हणाल्या, काही नाही, बॉक्सिंगचं.

मी पायरीवर बसून होते. इतके दिवस अंगात एक आवाज होता, की हे सगळं माझ्यासाठी चाललं आहे. तो आवाज बंद झाला. मला राग आला असं म्हणू का? राग यायला अंगात काहीतरी लागतं. मला फक्त स्पष्ट दिसलं. चिंच, रेनकोट, गाडी, कात्री. माझ्या अंगातून जे जे काढलं ते एकाच कामासाठी काढलं. दुसऱ्या पोरीच्या वाटेत मी उभी राहू नये म्हणून.

मी उठले. समोर लॉन होतं आणि लॉनवर पप्पा पाइप घेऊन पाणी घालत होते. पाणी गवतावर पडत होतं. मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी माझं डोकं बघितलं. मान खाली घातली.

मी म्हणाले, "पप्पा, पाणी."

त्यांनी पाइप जरासा माझ्याकडे वळवला. माझ्या पायांवर थेंब पडले.

"बंद कर," व्हरांड्यात येऊन सर म्हणाले. ओरडले नाहीत. साध्या आवाजात.

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. सरांकडे बघितलं. खिडकीत मॅडम येऊन उभ्या होत्या, तिकडे बघितलं. मग पाइप खाली ठेवला, कुंपणापाशी गेले आणि नळ बंद केला.

माझे पप्पा दर मार्चला वाडीतल्या माणसांबरोबर महाडला जातात. तळ्याच्या पायऱ्या उतरून ओंजळीने पाणी पितात. लहानपणी मला खांद्यावर बसवून नेलं होतं, मलाही त्यांच्याच ओंजळीतून पाजलं होतं. त्याच हातांनी नळ बंद केला.

मी फाटकाकडे चालायला लागले. सर मागून म्हणाले, झोपायला चाललीस तर जा, पण एक थेंब प्यालीस तरी उद्या काटा मला सांगेल.

घरी पोचले तेव्हा ऊन उतरत होतं. आई अंगणात भांडी घासत होती. माझ्याकडे बघून तिच्या हातातलं भांडं तसंच राहिलं.

"कोनी कापले?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. काट्याचं, खिडकीतलं, नळाचं. सांगताना डोळ्यांतून पाणी येत नव्हतं, तेवढं पाणीच नव्हतं अंगात. आईने तांब्या भरून माझ्यापुढे धरला. माझा हात पुढे जाईना. इतकी सवय लागली होती. मी म्हणाले, आई, उद्या काटा.

"पी," आई म्हणाली.

मी प्याले. ओकले. पुन्हा प्याले, घोट घोट. आईने तांदळाची पेज केली, मीठ घालून. ती प्याले. लघवीला गेले तर लघवी लालसर, आणि करताना आग. आईने ते बघितलं आणि दाराशी जाऊन उभी राहिली, पप्पांची वाट बघत.

पप्पा आले. आईने एवढंच विचारलं, "नल तू बंद केलास?"

पप्पा खाली बसले. म्हणाले, "नोकरी हाय ती."

"मंग नोकरीलाच पोरगी म्हन," आई म्हणाली आणि आत गेली.

त्या दिवशी मी पोटभर भात खाल्ला. सुकटीचं कालवण आणि भात. खाताना ठरवलं. घरी बसून राहणं सोपं होतं. पण मी गेले नसते तर सरांनी सांगितलं असतं, पोर घाबरली, आजारी पडली. मला काट्यावर चढायचं होतं.

सकाळी आई माझ्याबरोबर आली. अंगणवाडीची साडी नेसून. स्पर्धेच्या जागी ती पहिल्यांदाच येत होती. हॉलमध्ये तीच चादर, तोच काटा, त्याच बाई. मॅडम आत होत्या. मी आत गेले आणि ट्रॅकसूट, बूट, सगळ्यासकट काट्यावर चढले.

"कपडे काढ," मॅडम म्हणाल्या.

मी म्हणाले, "नाही काढणार."

बाईंनी काट्याकडे बघितलं. एकावन्नच्या वर. त्या माझ्या जवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, बाळ, बाद होशील. फायनल जाईल. विचार कर.

मी मुद्दाम मोठ्याने बोलले. हॉलभर जाईल इतक्या मोठ्याने. "करा बाद. माझं वजन चोपन्न आहे. ह्यांच्या मुलीसमोर मी उभी राहू नये म्हणून ह्यांनी मला वाळवलं. ह्यांनी आणि सरांनी."

सरांनी चादर ओढली आणि ते आत घुसले. तोंड लाल. माझा दंड धरायला हात पुढे केला. मध्ये आई उभी राहिली. माझी आई सरांच्या खांद्याला लागते. ती वर बघून म्हणाली, "आत बायका हायत. भायेर हो."

सर बाहेर गेले. खरंच गेले. मला अजून आश्चर्य वाटतं.

मॅडमचा आवाज अजिबात चढला नाही. त्यांनी फोन पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "वडलांना सांग, उद्यापासून यायची गरज नाही."

मी घाबरले. खोटं कशाला सांगू? पप्पांच्या पगारावर घर चालत होतं. एक क्षण वाटलं, खाली उतरावं, पाया पडावं. मी आईकडे बघितलं. आई बाईंकडे बघत होती. ती बाईंना म्हणाली, लिवा की, काय बाद लिवायचा तो लिवा. बाईंनी बाद केलं. मग मी उतरले.

पुढे काय झालं? ज्यांना वाटत असेल की त्यांना शिक्षा झाली, त्यांच्यासाठी सांगते. काही झालं नाही. रियाला सुवर्णपदक मिळालं, गट जवळजवळ रिकामाच होता. ती परदेशात गेली. आई आणि मी जिल्हा संघटनेकडे तक्रार घेऊन गेलो तेव्हा तिथले एक साहेब म्हणाले, वजन उतरवणं हा खेळाचाच भाग आहे, तुमची मुलगी स्वतः हो म्हणाली होती ना? वेणीचं सांगितलं तर ते हसले. म्हणाले, केस काय, येतात परत. सरांनी जिल्ह्यातल्या सगळ्या क्लबांना सांगितलं की ही पोर शिस्तीची नाही. दोन ठिकाणी गेले, दोन्हीकडून परत पाठवलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर म्हणाल्या, मूत्रपिंडाला इजा झाली आहे, परत असं अंग सुकवलंस तर कायमची अडकशील. अजूनही कधी कधी कमरेत कळ येते आणि मी भिंत धरून उभी राहते.

पप्पा आता हरिहरेश्वरला एका लॉजवर काम करतात. तिथेच राहतात, महिन्यातून कधीतरी एसटीने घरी येतात. आमचं बोलणं होतं, जेवलीस का, कॉलेज कसं चाललंय. नळाचा विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही. मी त्यांना माफ केलेलं नाही. पण त्यांना त्या जागी कुणी उभं केलं तेही मी विसरलेली नाही. दोन्ही गोष्टी माझ्यात आहेत. एकीने दुसरी पुसली जात नाही.

सराव मी सोडला नाही. ओहोटीला वाळू घट्ट असते, तेव्हा पळते. कोळीवाड्यातल्या एका काकांनी फाटक्या जाळ्याचा गोळा करून गोणीत भरून दिला, तो आंब्याला टांगला आहे. त्यावर मारते. सर रियाला जे जे सांगायचे ते मी बाजूला उभं राहून ऐकलं होतं. ते सगळं मी आता माझ्यावर वापरते. कधी जोर लावायचा, कधी अंग सोडायचं, स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात काय खायचं. मी जेवते. माझं वजन पुन्हा चोपन्न झालं आहे आणि पाळी सुरू झाली आहे. महाडला एक लहान क्लब आहे, तिथल्या ताईंनी माझी सगळी गोष्ट ऐकली आणि एकच विचारलं, कोणत्या गटात? मी सांगितलं. त्यांनी नाव लिहून घेतलं.

गेल्या आठवड्यात सरांचा फोन आला. आवाज एकदम मायेचा. म्हणाले, झालं गेलं सोड. एका बिल्डरची मुलगी तयार करतोय, चांगली आहे, तिला सरावाला कुणीतरी हवं. तूही परत ये. ह्या वेळी तुला फार उतरवत नाही, बावन्नात घेतो. फक्त दोन किलो.

मी त्यांना पूर्ण बोलू दिलं. मग विचारलं, ती मुलगी कोणत्या गटात आहे?

सर म्हणाले, चोपन्न.

मी म्हणाले, "मीही चोपन्नात आहे. नाव गेलंय माझं."

मग त्यांचा खरा आवाज आला. "तुला जिल्ह्यात कुठे उभी राहू देणार नाही."

मी फोन ठेवला.

ती बिल्डरची मुलगी कशी आहे, मला माहीत नाही. चांगलीही असेल. तिच्यावर माझा राग नाही. पण ती समोर आली की मी तिला मारणार आहे, सगळ्या राउंडमध्ये, असेल तेवढ्या ताकदीने. पंचांना त्यांनी फिरवलं आणि मला हरवलं, तर मी पुढच्या वर्षी येणार. पुढच्या वर्षीही हरवलं तर त्याच्या पुढच्या वर्षी. पोलीस भरतीचं वय निघून गेलं तरी येणार. ह्या गटातून मी स्वतःहून बाजूला होणार नाही. कुणाला मला हलवायचं असेल तर त्याने आपली पोर रिंगमध्ये पाठवावी आणि तिच्या हाताने मला खाली पाडावं.